सीपीआरचा फुल फॉर्म

कोल्हापूरचा माणूस दिवसभरात किती वेळा इंग्रजी मुळाक्षरांत बोलतो, हे एकदा लक्षात आले की मग ते सतत ऐकू येत राहते. तो सीबीएसवर उतरतो, केएमटीच्या बसने सीपीआरला जातो, त्याचा भाऊ शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला असतो, थोरला मुलगा आयटीआय करत असतो, पीककर्जाचे काम केडीसीसी बँकेत असते आणि पीटीएमचा फुटबॉल सामना असला की संध्याकाळी तो शाहू स्टेडियमवर सापडतो. यांतले एकही नाव त्याला परके वाटत नाही. इंग्रजी शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा ‘त्येला सीपीआरला न्हेलंय’ असे सहज सांगते, आणि ऐकणाऱ्याला त्या तीन अक्षरांतून भाऊसिंगजी रस्त्यावरचे ते जुने रुग्णालय, त्याच्या दारातली गर्दी आणि केसपेपरची रांग असे सगळे एकदम दिसते.

मी या शहरात अनेक वर्षे इंग्रजी शिकवते आहे. व्याकरणावर, उच्चारांवर, स्पेलिंगवर मुले प्रश्न विचारतात. पण सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न ‘मॅडम, ह्याचा फुल फॉर्म काय?’ हाच असतो. ‘फुल फॉर्म’ हा या अर्थाचा शब्दप्रयोग आपल्याकडचा. इंग्लंडमधला माणूस ‘ही अक्षरे कशाच्या जागी उभी आहेत’ असे विचारतो. मला ते विचारणे फार नेमके वाटते. लघुरूप हे नेहमी दुसऱ्या कशाच्या तरी जागी उभे असते. बोलणाऱ्याने उरलेले गाळायचे आणि ऐकणाऱ्याने ते मनातल्या मनात भरून घ्यायचे, असा तो दोघांमधला करार असतो. दोघांनाही तो ठाऊक असेल तर बोलणे सुटसुटीत होते आणि थोडी जवळीकही साधते. एकालाच ठाऊक असेल तर दुसरा दाराबाहेर राहतो. इंग्रजीतल्या लघुरूपांचे प्रकार शिकवताना मी याच एका गोष्टीकडे पुन्हा पुन्हा वळते.

सर्वांत साधा प्रकार म्हणजे शब्द कापणे. ‘एक्झामिनेशन’ची शेपटी कापली की ‘एक्झाम’ उरते, ‘लॅबोरेटरी’ची ‘लॅब’ होते, ‘झूऑलॉजिकल गार्डन’चे नुसते ‘झू’. कधी डोके कापले जाते, जसे ‘टेलिफोन’चा ‘फोन’. कधी दोन्हीकडून कापून मधला भाग ठेवला जातो, जसे ‘इन्फ्लुएन्झा’चा ‘फ्लू’. आपण घरात ज्या वस्तू आणि घराबाहेर ज्या गाड्या वापरतो त्यांची निम्मी नावे अशीच कापलेली आहेत. ‘टॅक्सी’ आणि ‘कॅब’ हे तर एकाच नावाचे दोन तुकडे आहेत: ‘टॅक्सीमीटर’ बसवलेली ‘कॅब्रिओले’ नावाची हलकी गाडी. पुढचा तुकडा एकाने घेतला, मागचा दुसऱ्याने, आणि दोघेही आज स्वतंत्र शब्द म्हणून सुखाने नांदत आहेत.

पण या सगळ्यांत मला ‘बस’ हा शब्द सर्वाधिक विलक्षण वाटतो. लॅटिनमध्ये ‘ओम्निस’ म्हणजे सर्व. त्याला चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय लागला की ‘ओम्निबस’ होते, म्हणजे ‘सर्वांसाठी’. फ्रान्समध्ये कोणीही भाडे देऊन बसावे अशा घोड्यांच्या गाडीला हे नाव पडले, १८२९ मध्ये तशी गाडी लंडनच्या रस्त्यावर आली, आणि लोकांनी थोड्याच काळात नावाचा पुढचा सगळा भाग टाकून दिला. ज्यात अर्थ होता ते ‘सर्व’ गळाले. उरला तो केवळ एका विभक्तिप्रत्ययाचा तुकडा. मराठीत ‘सर्वांसाठी’मधले ‘साठी’ तेवढे ठेवून एखाद्या वाहनाला ‘साठी’ म्हणावे, असा तो प्रकार आहे. आणि आपल्या ‘सीबीएस’मधला ‘बी’ हे त्या तुकड्याचेही आद्याक्षर. फलकावर ‘मध्यवर्ती बसस्थानक’ असे स्वच्छ मराठी नाव लिहिलेले असताना गगनबावड्याकडून किंवा चंदगडकडून येणारा प्रवासी मात्र ‘सीबीएसला उतरतो’ म्हणतो, यात मला काही वावगे वाटत नाही. इथे कोणीही बाहेर राहत नाही. रिक्षावाल्याला, कंडक्टरला, पहिल्यांदा गावाहून आलेल्या विद्यार्थ्यालाही ती अक्षरे दोन दिवसांत कळतात.

अशा कापाकापीचा राग येणारी माणसेही होऊन गेली. १७१० मध्ये जोनाथन स्विफ्टने लंडनच्या एका नियतकालिकात याविरुद्ध कळकळीने लिहिले. ‘मॉब’ या शब्दावर त्याचा विशेष रोष होता. लॅटिनमधल्या ‘मोबिले वुल्गुस’ म्हणजे ‘चंचल जमाव’ या पदाचा तो पहिला तुकडा. आपण हा शब्द थोपवण्याचा वर्षानुवर्षे प्रयत्न केला, पण संख्याबळापुढे हरलो, अशी कबुली त्याने त्याच लेखात दिली आहे. स्विफ्टची तळमळ खरी होती, तरी या बाबतीत मी लोकांच्या बाजूची आहे. वस्तूचे, वाहनाचे, जमावाचे नाव कापले गेले आणि मूळ विसरले गेले, तर भाषेचे काही बिघडत नाही. तिला एक नवा, घट्ट शब्द मिळतो. ‘ब्रेकफास्ट’ आणि ‘लंच’ यांच्या जोडणीतून झालेला ‘ब्रंच’ किंवा ‘पिक्चर’ आणि ‘एलिमेंट’ यांतून झालेला ‘पिक्सेल’ हे जोडशब्दही त्याच वाटेने आले आणि रुळले.

आद्याक्षरांचा प्रकार वेगळा, आणि आपल्याकडे तोच सर्वांत बोकाळलेला. त्यातही दोन जाती आहेत. एकीत अक्षरे सुटी सुटी उच्चारतात, जसे एफआयआर, एसटी, आरटीओ. दुसरीत ती सलग शब्दासारखी वाचतात, जसे नाटो, युनेस्को, रडार. ‘रडार’ हे नाव अमेरिकेच्या नौदलाने १९४० मध्ये घेतले आणि ‘लेझर’ हे १९५९ मध्ये पुढे आले. दोन्ही लांबलचक तांत्रिक वर्णनांची आद्याक्षरे. शिवाजी उद्यमनगरात किंवा गोकुळ शिरगावला ‘लेझर कटिंग’चे फलक दिसतात, आणि तिथल्या कामगाराला ‘उद्दीपित उत्सर्जनाने होणारे प्रकाशाचे वर्धन’ हे वर्णन माहीत नसले तरी पत्रा किती जाडीपर्यंत कापला जाईल हे चोख माहीत असते. इथेही मूळ विस्मरणात गेल्याने कोणाचे नुकसान झालेले नाही.

या प्रकाराशी इंग्रजीचा एक नियम असा जोडलेला आहे की जो शिकवताना मला देवनागरीचा अभिमान वाटतो. ‘ए’ लावायचे की ‘अ‍ॅन’, हे स्पेलिंगवर ठरत नाही, उच्चारावर ठरते; आणि लघुरूपांपुढे भल्याभल्यांची इथे गल्लत होते, कारण एम, एफ, एस ही रोमन लिपीत व्यंजने आहेत. मी मुलांना सांगते, लघुरूप देवनागरीत लिहा आणि पहिले अक्षर पाहा. ‘एमएलए’ स्वराने सुरू होतो, म्हणून ‘अ‍ॅन एमएलए’. ‘एफआयआर’ स्वराने, म्हणून ‘अ‍ॅन एफआयआर’. ‘आरटीओ’ स्वराने, म्हणून ‘अ‍ॅन आरटीओ ऑफिसर’. ‘यूपीआय’ मात्र य या व्यंजनाने सुरू होते, म्हणून रोमनमध्ये तो स्वर दिसत असला तरी ‘ए यूपीआय पेमेंट’. रोमन लिपी जे झाकते ते आपली लिपी उघड करून दाखवते, कारण ती उच्चाराशी प्रामाणिक आहे. ज्या मुलांना मराठी माध्यमाचा संकोच वाटत असतो, त्यांच्या चेहऱ्यावरचा तो भाव या तासाला जातो आणि इंग्रजी माध्यमाची मुले वहीत देवनागरी अक्षरे लिहून पाहू लागतात. माझ्या शिकवण्यात मला मनापासून आवडणारे जे काही मोजके तास आहेत त्यांत हा एक आहे.

दुसरा असाच तास संकोचित रूपांचा, म्हणजे ‘डोन्ट’, ‘कान्ट’, ‘इट्स’ यांचा. ही रूपे लिहावीत की लिहू नयेत, असा प्रश्न मुलांना पडतो, कारण एक शिक्षक ती चुकीची ठरवतात आणि चित्रपटांत तर सगळे तसेच बोलतात. उत्तर मराठीतच आहे. आपण ‘मी आलो आहे’ असे बोलतो का? आपण ‘आलोय’ म्हणतो, ‘करतोय’ म्हणतो, ‘काय म्हणतोयस’ असे विचारतो, ‘नाही आहे’चे ‘नाहीये’ करतो. हीच ती संकोचित रूपे. क्रियापद आणि ‘असणे’ यांचा सांधा बोलण्याच्या ओघात वितळलेला. त्यात अशुद्ध काहीच नाही. पण तहसीलदारांना अर्ज लिहिताना आपण ‘मी उपस्थित झालोय’ असे लिहीत नाही, ‘झालो आहे’ असे लिहितो. जिथे मराठीत ‘झालो आहे’ लिहाल तिथे इंग्रजीत पूर्ण रूप लिहा, आणि जिथे ‘झालोय’ चालेल तिथे संकोचित. एवढ्यावर मुलांचे काम भागते, आणि इंग्रजी ही कुठली तरी अगम्य शिस्त नसून आपल्यासारखीच श्वास वाचवणारी भाषा आहे, हे त्यांना आतून पटते.

लॅटिन लघुरूपे मात्र कठीण, कारण तिथे करारातला दुसरा पक्ष दोन हजार वर्षांपलीकडे गेलेला आहे. ‘ए.एम.’ आणि ‘पी.एम.’ आपण रोज वापरतो; ‘मध्यान्हापूर्वी’ आणि ‘मध्यान्हानंतर’ असे ते लॅटिन शब्द. कायद्याचा अभ्यास करणारी मुले विचारतात की ‘एलएल.बी.’मध्ये दोनदा एल का? लॅटिनमध्ये आद्याक्षरांनी लिहिलेल्या शब्दाचे अनेकवचन दाखवायचे तर अक्षराची पुनरुक्ती करत. ‘लेगुम’ म्हणजे ‘कायद्यांचा’, म्हणून दोन एल. इंग्रजी ग्रंथांत पृष्ठे दाखवताना दोन पी लिहितात ते याच रीतीने.

आणि लॅटिन सर्वांत जास्त उरले आहे ते औषधाच्या चिठ्ठीवर. सीपीआरच्या समोरच्या बाजूला औषधांची दुकाने आहेत. तिथे एकदा माझ्या पुढे एक वयस्क बाई उभ्या होत्या. डोक्यावर पदर, हातात केसपेपर, सोबत कोणी नाही. चिठ्ठीवर तीन गोळ्या लिहिलेल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे दोन-तीन अक्षरे: एकीपुढे ‘बी.डी.’, एकीपुढे ‘ओ.डी., ए.सी.’ आणि तिसरीपुढे ‘एस.ओ.एस.’ दुकानातल्या मुलाने गोळ्या कापून पाकिटांत घातल्या.

‘ही कवा घ्याची रं बाळा?’ त्यांनी तिसरे पाकीट पुढे करून विचारले.

‘आज्जी, ती ताप आला तरच घ्यायची. ताप न्हाई तर घ्यायची न्हाई.’

‘आन् ह्या दोन रोजच्या व्हय?’

‘व्हय. ही सकाळ-रात्री जेवल्यावर. ही सकाळी एकच, जेवायच्या आधी.’ मग त्याने पेन काढून एका पाकिटावर ‘१-०-१’ आणि दुसऱ्यावर ‘१-०-०’ असे मोठ्या आकड्यांत लिहिले. तिसऱ्यावर ‘ताप’ एवढाच शब्द लिहिला. बाईंनी तिन्ही पाकिटे उलटीसुलटी करून पाहिली, आकड्यांवरून बोट फिरवले आणि ती पिशवीत ठेवली.

‘बी.डी.’ म्हणजे लॅटिनमध्ये दिवसातून दोनदा, ‘ओ.डी.’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘ए.सी.’ म्हणजे जेवणापूर्वी, आणि ‘एस.ओ.एस.’ म्हणजे ‘सी ओपुस सित’, गरज पडली तर. समुद्रावरच्या संकटसंदेशाशी या ‘एस.ओ.एस.’चा काही संबंध नाही. तो संदेश १९०६ च्या बर्लिन परिषदेत ठरला. तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे असा तो एक खुणेचा नाद, आणि त्याला मुळात पूर्ण रूपच नव्हते. ‘आमचे जीव वाचवा’ हे लोकांनी मागाहून चिकटवले. तसेच दिवसातून तीनदा सांगणारे ‘टी.डी.एस.’ आणि पगारातून कापला जाणारा टीडीएस यांचेही नाते नाही. डॉक्टर आणि औषधविक्रेता यांच्यात हा करार पक्का असतो आणि तो वेळ वाचवतो, हे मला मान्य आहे. पण ज्याच्या पोटात गोळी जायची आहे तो त्या कराराच्या बाहेर असतो. परक्या भाषेचे लघुरूप आणि घाईतले अक्षर एकत्र आले की घात होतो, हे जगाने अनुभवले आहे. इन्सुलिनच्या ‘युनिट’साठी लिहिलेला ‘यू’ शून्यासारखा दिसून दहाचे शंभर वाचले जाऊ शकतात. म्हणून अमेरिकेत रुग्णालयांचे प्रमाणन करणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये अशा घातक लघुरूपांची वापरू नयेत अशी यादीच काढली, आणि ‘यू’ तिच्यात आहे. त्या दुकानातल्या मुलाने लिहिलेले ‘१-०-१’ हेही लघुरूपच आहे. पण तीन जागा म्हणजे सकाळ, दुपार, रात्र, एवढे कळले की ते कोणत्याही भाषेच्या माणसाला वाचता येते, आणि निरक्षर माणसाला शिकवायलाही एक मिनिट पुरते. माझ्या मते या साऱ्या लघुरूपांत ते सर्वांत सज्जन आहे.

शब्द लहान करण्यामागे आळस असतो असे अनेकांना वाटते. मला त्यात बहुतेक वेळा किंमत दिसते. युरोपातल्या नकलकारांना चर्मपत्र महाग पडे, म्हणून त्यांनी शब्दांवर खुणा घालून अक्षरे वाचवली. ‘आणि’साठीच्या ‘एत’ या लॅटिन शब्दाची दोन अक्षरे एकमेकांत गुंफली गेली आणि त्यातून आज दुकानांच्या पाट्यांवर दोन भागीदारांच्या मध्ये दिसणारे ते वेलांटीदार चिन्ह तयार झाले. आपल्याकडे मोडी लिहिणाऱ्या कारकुनांनीही हेच केले. जुन्या कागदांत कसब्याला ‘क॥’, परगण्याला ‘प॥’, तर्फेला ‘ता॥’ असे लिहिलेले आढळते. आपल्या जिल्ह्यात ती सवय अजून जिवंत आहे: ‘क. बावडा’, ‘क. सांगाव’, ‘शिरोली (पु.)’, ‘पोर्ले त. ठाणे’. या शेवटच्या गावाच्या नावातला ‘त.’ गाळला तर पत्र पन्हाळ्याच्या खालच्या दुसऱ्या पोर्ल्याला, तर्फ बोरगावच्या पोर्ल्याला, जाण्याची शक्यता असते. एका अक्षरावर आणि एका टिंबावर एवढा भार असतो. घरच्या पत्रांतली ‘सा. न. वि. वि.’, ‘ति.’, ‘चि.’, ‘ता. क.’ ही तर आपल्या आजोबांच्या पिढीने पोस्टकार्डाच्या जागेशी केलेली तडजोड, आणि तिच्यातून मानपानाची एकही पायरी त्यांनी चुकू दिली नाही.

तारेत शब्दागणिक पैसे पडत. ‘फादर सीरियस, स्टार्ट इमीजिएटली’ ही ओळ महाराष्ट्रातल्या किती तरी घरांनी वाचली आहे. तिच्यात ना कर्ता धड, ना एखादे जोडणारे अव्यय, तरी तिच्याइतका स्पष्ट निरोप दुसरा नसेल. २०१३ च्या जुलैत भारतातली तार बंद झाली, पण तोवर मोबाइलवरच्या संदेशाने तीच शिस्त पुन्हा आणली होती. एका संदेशात रोमन लिपीची १६० अक्षरे मावत. आणि देवनागरीत लिहिले तर फक्त ७०, कारण देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला आणि प्रत्येक मात्रेला तांत्रिक रचनेत जास्त जागा द्यावी लागे. ज्या काळात संदेशाला पैसे मोजावे लागत त्या काळात मराठी मुलांनी मराठी रोमनमध्ये लिहायला घेतली आणि स्वर गाळायला सुरुवात केली, त्याचे एक मोठे कारण हे आहे. त्यांना भाषेचे प्रेम नव्हते असा ठपका ठेवण्यापूर्वी हा हिशेब पाहायला हवा. शिवाय ही गोष्ट फक्त तरुणांची नाही. ‘ओएमजी’ हे आजच्या मुलींचे लाडके लघुरूप १९१७ मध्ये ब्रिटिश नौदलाचे वयोवृद्ध निवृत्त प्रमुख लॉर्ड फिशर यांनी विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात, कंसात पूर्ण रूप देऊन, वापरलेले आहे.

आता संदेशाला जागेची मर्यादा नाही आणि पैसेही पडत नाहीत. म्हणूनच कोणी गेल्याची बातमी गटावर आली की खाली ओळीने ‘आरआयपी’ उमटत जाते, ते मला सोसत नाही. ती लॅटिन प्रार्थनेची आद्याक्षरे आहेत, ‘शांततेत विसावो’ अशा अर्थाची, आणि दगडावर अक्षर कोरणे कष्टाचे होते तेव्हा थडग्यांवर ती शोभली. गेलेल्या माणसाच्या मुलाला आपण मराठीत एक पूर्ण वाक्य लिहू शकतो. ‘तुझे बाबा आमच्याकडे आले की आधी आईच्या तब्येतीची चौकशी करत’ एवढे लिहिले तरी त्याला ते वर्षानुवर्षे पुरते. जिथे काटकसरीचे कारणच उरले नाही आणि समोर दुःखातला माणूस आहे, तिथे लघुरूप टाळावे असे मी मुलांना आग्रहाने सांगते.

आद्याक्षरांच्या या मोहाने दुसरीही एक विकृती आणली आहे: ज्या शब्दांना पूर्ण रूप नाही त्यांनाही ते चिकटवणे. स्पर्धा परीक्षांच्या स्वस्त पुस्तिकांत आणि सकाळी सकाळी येणाऱ्या संदेशांत ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरे असे छापलेले असते. तसे काही नाही; ‘न्यू’ म्हणजे नवे, त्याचे ते जुने अनेकवचन. ‘कॉम्प्युटर’चे तर आठ अक्षरांचे भले मोठे वाक्य मुले पाठ करून येतात, पण यंत्र येण्यापूर्वी शेकडो वर्षे हा शब्द आकडेमोड करणाऱ्या माणसासाठी वापरात होता. मी त्यांना एक कसोटी देते: आद्याक्षरे सलग वाचून शब्द बनवण्याची रीत इंग्रजीत मुख्यतः विसाव्या शतकातली आहे, दोन महायुद्धांच्या काळात ती फोफावली; तेव्हा त्याआधीच्या कुठल्याही जुन्या शब्दाचा कोणी फुल फॉर्म सांगितला तर आधी संशय घ्यावा. ‘ओके’ हा दुर्मीळ अपवाद आहे आणि त्याची हकीकत बनावट हकीकतींपेक्षा सरस आहे. १८३९ च्या मार्चमध्ये बोस्टनच्या एका वृत्तपत्राने ‘ऑल करेक्ट’चे मुद्दाम चुकीचे स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरे छापली, त्या काळी अशी थट्टा तिथे लोकप्रिय होती. पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी त्यांच्या गावावरून पडलेल्या ‘ओल्ड किंडरहूक’ या नावासाठी तीच अक्षरे उचलली, आणि बाकीची सगळी थट्टा विरून गेली तरी ही दोन अक्षरे जगभर राहिली.

आतापर्यंत मी वस्तूंची, पदव्यांची, सूचनांची लघुरूपे सांगितली. माणसांच्या नावांवर आले की माझे मत बदलते. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसला १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव मिळाले आणि लोकांच्या तोंडी ‘व्हीटी’चे ‘सीएसटी’ झाले. २०१७ मध्ये नावात ‘महाराज’ आले आणि ‘सीएसएमटी’ झाले. आदर वाढवण्यासाठी शब्द वाढवला, आणि लोकांनी एक अक्षर वाढवले. महाराजांचे नाव उच्चारले जावे हा हेतू होता, आणि प्रत्यक्षात ते फलकावर आणि उद्घोषणेत तेवढे राहिले.

याच मुद्द्यावर अलीकडे कोल्हापुरात मोठा वाद झाला. शिवाजी विद्यापीठाचे नाव ‘छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ’ करावे अशी मागणी पुढे आली, मोर्चा निघाला; आणि १९६२ मध्ये दिलेले नाव तसेच ठेवावे, असे म्हणणाऱ्यांनी लघुरूपाचाच दाखला दिला. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ ‘एमएसयू’ झाले आणि सयाजीरावांचे नाव लोकांच्या जिभेवरून उतरले, तसेच इथे होईल, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजूंना महाराजांविषयी तितकीच भक्ती आहे हे मी जाणते. मला मात्र दुसरी बाजू भाषेच्या स्वभावाला धरून वाटते. लोक लांब नाव कापणारच. त्यांना कोणी थांबवू शकलेले नाही, स्विफ्टही नाही. ‘शिवाजी विद्यापीठ’ हे नाव दोनच शब्दांचे असल्याने मराठी बोलताना ते कापायची गरज पडत नाही, आणि कोणी कापलेच तर ‘विद्यापीठात जाऊन येतो’ असे म्हणतो, मुळाक्षरे करत नाही. परीक्षेच्या निमित्ताने इंग्रजीत ‘एसयूके’ चालते, पण ते संकेतस्थळापुरते.

आणि मग सीपीआर. वर्गात मी जेव्हा जेव्हा विचारते की लेझरचे पूर्ण रूप काय, तेव्हा चार हात वर जातात. सीपीआरचे विचारले तर काही जण हृदय बंद पडल्यावर छाती दाबून देतात त्या उपचाराचे इंग्रजी नाव सांगतात. ते उत्तर चूक नाही. ती अक्षरे दोन अर्थांनी वापरली जातात, आणि आपल्या मराठीने विभक्तीच्या जोरावर त्यांची वाटणीही नीट केली आहे. ‘त्याला सीपीआर दिला’ म्हणजे उपचार आणि ‘त्याला सीपीआरला नेला’ म्हणजे रुग्णालय. एका ‘ला’ने सगळा गोंधळ मिटतो. पण त्या रुग्णालयाचे नाव छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे, हे सांगणारा हात क्वचितच वर येतो. ज्यांच्या नावाचे ते रुग्णालय, त्यांचे नाव त्याच शहरातल्या मुलांना अक्षरांच्या आड दिसेनासे झाले आहे.

पीटीएमच्या बाबतीत असे झालेले नाही, हे पाहण्यासारखे आहे. पाटाकडील तालीम मंडळ हे अस्सल मराठी नाव इंग्रजी मुळाक्षरांत गेले, तरी मैदानात ‘पाटाकडील’ हेही तितक्याच जोराने ऐकू येते. पेठेतली माणसे दोन्ही नावे एका दमात घेतात, वृत्तपत्रेही सामन्याच्या बातमीत ‘पाटाकडील’ असे लिहितात. पूर्ण नाव कोणीतरी रोज वापरत असले तर लघुरूपाने त्याला धक्का लागत नाही. रुग्णालयाच्या नावासाठीही एवढेच करता येईल. वृत्तपत्रांनी बातमीत पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे, शाळांनी भेटीच्या अहवालात, रुग्णवाहिकेच्या फलकावर आणि आरोग्य शिबिरांच्या पत्रकावर एकदा ‘छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय’ असे लिहावे आणि मग खाली हवे तितक्या वेळा ‘सीपीआर’ लिहावे. त्याला जागा अर्ध्या ओळीहून जास्त लागत नाही.